वीज दरवाढीची याचिका: या वर्षी इंदूरातून चार तरी धड आक्षेप जाऊ द्या

पागनीसपागा (धागाकर्ता), रविवार, सकाळी ९:१०

मंडळी, काल पेपरात हरवलेली मार्कशीट आणि कुठल्याशा टेंडरच्या मधे, भिंग लावून वाचावी अशा अक्षरांत एक सूचना आली आहे. तिन्ही वीज वितरण कंपन्या, म्हणजे आपली पश्चिम क्षेत्र, जबलपूरची पूर्व क्षेत्र आणि भोपाळची मध्य क्षेत्र, शिवाय या तिघींसाठी वीज विकत घेणारी जबलपूरची पॉवर मॅनेजमेंट कंपनी, यांनी पुढच्या आर्थिक वर्षात वीज काय भावाने विकायची याची याचिका मध्य प्रदेश विद्युत नियामक आयोगाकडे दिली आहे. आक्षेप आणि सूचना पाठवायची शेवटची तारीख त्याच सूचनेत आहे. पेपर रद्दीत घालायच्या आधी कापून ठेवा.

किती टक्के वाढ मागितली आहे ते मी मुद्दाम लिहीत नाही. तो आकडा लिहिला की खाली पन्नास जण "लूट आहे" म्हणून जातात आणि धागा तिथेच संपतो. दरवर्षीचा अनुभव आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: विद्युत अधिनियम २००३, कलम ६४. कंपनीने याचिकेचा गोषवारा छापायचा, लोकांनी आक्षेप पाठवायचे, आयोगाने ते विचारात घेऊन अर्ज आल्यापासून १२० दिवसांत आदेश काढायचा किंवा कारण देऊन अर्ज फेटाळायचा. आक्षेप घ्यायला वकील लागत नाही. मीटर आपल्या नावावर असावा लागतो असंही नाही, भाडेकरूसुद्धा लिहू शकतो.

आता माझी फजिती. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा चार पानं लिहिली होती. व्होल्टेज, तारेवर लोंबणारी चिंचेची फांदी, लाइनमन तीन दिवस आला नाही, बिलावर पत्ता चुकीचा. बँकेत तीस वर्षं पत्रव्यवहार केलेला माणूस, भाषा अशी की वाचणारा रडावा. आयोगाच्या आदेशात आक्षेपांचं एक स्वतंत्र प्रकरण असतं: लोकांचा मुद्दा, त्यावर कंपन्यांचं उत्तर, मग आयोगाचं मत. माझी चार पानं तिथे अर्ध्या ओळीत बसली, "सेवेच्या दर्जाबाबत तक्रारी". चूक माझीच. फांदीसाठी १९१२ ही हेल्पलाइन आहे, तिथे काम नाही झालं तर कलम ४२ खालचा ग्राहक तक्रार निवारण फोरम आहे, त्यावर वीज लोकपाल आहे. दराच्या याचिकेत फांदीला जागा नाही.

या वेळी आपण चार-पाच जण बसून याचिका वाचू आणि प्रत्येकी एकच मुद्दा धरू. कोण कोण तयार?

कंदील, रविवार, सकाळी ९:३२

काका, सगळं आधी ठरलेलं असतं. सुनावणी म्हणजे सत्यनारायणाची पूजा, कथा तीच, प्रसाद ज्याचा त्याने न्यायचा.

पागनीसपागा, रविवार, सकाळी ९:५०

कंदीलराव, आकडे देतो. २०२३-२४ साठी मागणी सरासरी ३.२० टक्के होती, मिळाले १.६५. २०२४-२५ साठी ३.८६ मागितले, मिळाले ०.०७. २०२५-२६ साठी ७.५२ मागितले, मिळाले ३.४६. ठरलेलंच असतं तर मागतात तेवढं मिळालं असतं.

कंदील, रविवार, सकाळी १०:०५

हेच तर! शीतलामाता बाजारात साडी घ्यायला गेला आहात का कधी? दुकानदार साडेसातशे सांगतो, बायको साडेतीनशेवर आणते, दोघंही जिंकल्यासारखी घरी जातात. ७.५२ चे ३.४६ म्हणजे तेच आहे. साडीची खरी किंमत किती होती ते कोणालाच कळत नाही.

आत्या_रामबाग, रविवार, सकाळी १०:११

साडेतीनशेला शीतलामातेत आता अस्तरही येत नाही. बाकी चालू द्या.

पागनीसपागा, रविवार, सकाळी १०:४०

साडीचं उदाहरण मला आवडलं आणि अर्धं पटलंही. ती कपात आपल्या पत्रांमुळे झाली असा दावा मी करणार नाही. आयोगाचे स्वतःचे निकष असतात, लाइन लॉस, म्हणजे वाटेतली गळती, किती धरायचा, देखभालीचा खर्च किती मान्य करायचा, त्यात बरीचशी कात्री लागते. पण खरी किंमत कळत नाही हे मात्र खरं नाही. ती याचिकेतल्या तक्त्यांत लिहिलेली असते. शेकडो पानं, इंग्रजीत, म्हणून कोणी उघडत नाही.

सुदामानगरी, रविवार, सकाळी ११:१५

माझं ऐका आधी. नोव्हेंबरात १४६ युनिट, बिल अगदी थोडं. डिसेंबरात १५३ युनिट आणि बिल एकदम दुपटीपेक्षा जास्त! सात युनिटांचे एवढे? हा आक्षेप लिहू का? घरात गिझरसुद्धा नाही भिया, फक्त पाहुणे आले होते.

अकरा_केव्ही, रविवार, सकाळी ११:४८

लिहू नका, वाया जाईल. हा दराचा विषय नाही, अनुदानाचा आहे. अटल गृह ज्योती योजनेत १५० युनिटांपर्यंत वापर असेल तर पहिल्या १०० युनिटांचे १०० रुपये. १५० ओलांडले की सवलत पूर्ण जाते, थोडीथोडी कमी होत नाही. तुम्ही पायरीवरून घसरला नाहीत, गच्चीवरून पडलात. ही सवलत राज्य सरकार देतं, त्याचे पैसे कंपनीला आगाऊ द्यायचे असतात (कलम ६५). आयोग फक्त मूळ दर ठरवतो. योजनेची पायरी बदलायची असेल तर पत्र आमदारांना.

आणखी एक करा. दोन रीडिंगांमधले दिवस मोजा. हिशोब तीस दिवसांच्या वापरावर व्हायला हवा. रीडिंग ३३ दिवसांनी झालं असेल तर १५३ युनिट तीस दिवसांत १३९ होतात. ही मात्र खरी तक्रार आहे, फक्त झोन ऑफिसात करायची.

सुदामानगरी, रविवार, दुपारी १२:०२

मोजले. ३४ दिवस!! उद्याच जातो. धन्यवाद काका, जेवायला या.

चक्कीवाली, रविवार, दुपारी १:२०

लोकमान्य नगरच्या बाजूला माझी मसाला चक्की आहे, साडेसात एचपीची मोटर. मला टक्क्यांपेक्षा वेगळाच त्रास आहे. बिलात दर महिन्याला एफपीपीएएस नावाचं काहीतरी बदलतं. हळद दळायचा भाव मी महिन्याला बदलू शकत नाही, गिऱ्हाईक पळून जाईल. हे याचिकेत असतं का?

आणि दुसरं, दिवसा दळलं तर स्वस्त पडतं असं मीटर बसवायला आलेला मुलगा सांगून गेला. खरं का?

अकरा_केव्ही, रविवार, दुपारी २:३०

ताई, एफपीपीएएस म्हणजे इंधन आणि वीज खरेदीतला फरक. कंपनीने वर्षाच्या सुरुवातीला धरलेल्या भावापेक्षा वीज महाग पडली तर फरक दरमहा बिलात येतो, स्वस्त पडली तर उणे यायला हवा. केंद्राच्या नियमांमुळे तो एका सूत्राने आपोआप लागतो, दर महिन्याला त्यासाठी सुनावणी नसते. म्हणून मुळातला धरलेला भाव बरोबर आहे का हे आताच बघायचं. कमी धरला की दरवाढ लहान दिसते आणि उरलेलं वर्षभर एफपीपीएएसमधून हळूहळू येतं.

दिवसाचं म्हणाल तर पोऱ्या बरोबर बोलला. २०२३ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे दहा किलोवॉटच्या वरच्या व्यापारी-औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून आणि शेती सोडून बाकीच्यांना १ एप्रिल २०२५ पासून वेळेनुसार दर, स्मार्ट मीटर असेल तर. उन्हाच्या तासांत दर निदान २० टक्क्यांनी कमी हवा. तुमची मोटर साडेपाच-पावणेसहा किलोवॉटची, म्हणजे तुम्ही दुसऱ्या गटात. पण संध्याकाळच्या तासांचा दर चढा असतो हेही बघा. मिरच्या दुपारी दळा.

कंदील, रविवार, दुपारी २:४१

अकरा_केव्ही, तुम्ही वीज मंडळातले दिसता. म्हणून एवढा कळवळा.

अकरा_केव्ही, रविवार, दुपारी ३:१५

होतो. मंडळ २००५ साली फुटलं, कंपन्या झाल्या, पाटी बदलली, खुर्ची तीच राहिली. कुठल्या राज्यात, कुठल्या कंपनीत ते विचारू नका. पण लोकांच्या आक्षेपांना उत्तरं लिहायच्या टेबलावर मी सहा वर्षं बसलो आहे. आता निवृत्त आहे, तर टेबलाच्या त्या बाजूचं सांगतो.

नव्वद टक्के पत्रं "महागाई वाढली आहे, दरवाढ करू नये" अशी असायची. त्यांचं उत्तर आमच्याकडे तयार असायचं, एक परिच्छेद, तोच सगळ्यांना. "कंपनी तोट्यात असताना साहेबांना गाड्या कशाला?" यालाही तयार उत्तर होतं. घाम फक्त एका प्रकारच्या पत्राने फुटायचा. एक निवृत्त गणित शिक्षक होते. दरवर्षी पोस्टकार्डापेक्षा थोडं मोठं पत्र. त्यात एवढंच, की अमुक तक्त्यात विक्री इतकी, तमुक तक्त्यात खरेदी इतकी, तुम्ही सांगितलेला लॉस लावला तर खरेदी एवढी यायला नको, फरकाचं कारण द्या. त्या पत्रासाठी आम्ही रात्री नऊपर्यंत थांबायचो. कारण "नोंद घेतली" म्हणून त्यातून सुटका नसते, आकडा द्यावाच लागतो. एकदा खरंच बेरजेची चूक निघाली होती.

पागनीसपागा, रविवार, दुपारी ३:४०

हेच मला हवं होतं! अकरा_केव्ही, लॉसचं गणित चार ओळींत सांगा ना सगळ्यांना.

अकरा_केव्ही, रविवार, दुपारी ४:३०

समजा लोकांना १०० युनिट विकायचे आहेत. वाटेत १५ टक्के गळती असेल तर ११७.६ युनिट विकत घ्यावे लागतात. गळती २० टक्के असेल तर १२५. मधल्या ७.४ युनिटांची किंमत कोणी भरायची? आयोग एक गळती ठरवून देतो, तेवढीच ग्राहकांच्या दरात धरली जाते. त्यापुढची कंपनीने सोसायची. तेव्हा याचिकेत बघायचं ते हे, की ठरवून दिलेली गळती आणि हिशोबात लावलेली गळती एकच आहे का.

यापेक्षा मोठं प्रकरण वीज खरेदीचं आहे. कंपनीच्या खर्चाचा सगळ्यात मोठा हिस्सा तोच. बऱ्याच औष्णिक केंद्रांचे करार दोन भागांचे असतात. एक क्षमतेचा आकार, केंद्र तयार असलं की वीज उचला न उचला, द्यावाच लागतो. दुसरा प्रत्यक्ष युनिटांचा. लग्नाच्या हॉलसारखं आहे, वऱ्हाड आलं नाही तरी हॉलचं भाडं द्यायचं, फक्त ताटांचे पैसे वाचतात. खांडव्याजवळचं सिंगाजी औष्णिक केंद्र २५२० मेगावॉटचं आहे. असे किती हॉल आपण बांधून ठेवलेत आणि वर्षात किती दिवस रिकामे आहेत, हे खरेदीच्या तक्त्यात केंद्रवार दिसतं. याउलट रीवाचा ७५० मेगावॉटचा सौर प्रकल्प, पहिल्या वर्षाचा दर २.९७ रुपये होता, त्यात जेवढे युनिट तेवढे पैसे.

कंदील, रविवार, संध्याकाळी ५:०२

मग सरदार सरोवरात आपला एवढा मोठा वाटा आहे म्हणतात, ती स्वस्त वीज कुठे जाते?

अकरा_केव्ही, रविवार, संध्याकाळी ५:२०

वाटा आहेच. १४५० मेगावॉटपैकी मध्य प्रदेश ५७ टक्के, महाराष्ट्र २७, गुजरात १६. ती वीज खरेदीच्या सरासरीत मिसळते, तुमच्या घरी वेगळ्या तारेने येत नाही. पण नर्मदेला पाणी कमी आलं की ते युनिट कमी होतात आणि जागा भरायला महाग वीज येते. याचिकेत पुढच्या वर्षी जलविद्युत किती धरली आहे आणि मागच्या काही वर्षांत प्रत्यक्ष किती मिळाली, हे शेजारी ठेवून बघा. हा तुमच्यासाठी मुद्दा, कंदीलराव. घेता का?

कंदील, रविवार, संध्याकाळी ५:२२

बघतो.

सयाजीगंज, रविवार, रात्री ८:१०

बडोद्याहून. माहेर इंदूरचं म्हणून इथे डोकावते. आमच्याकडेही हेच, फक्त नावं वेगळी. मध्य गुजरात वीज कंपनी आणि सगळ्यांसाठी खरेदी करणारी जीयूव्हीएनएल, दोघींची ऑफिसं इथेच रेसकोर्सला. आयोग गांधीनगरला. आमच्या बिलातही इंधनाचा आकार वेगळा असतो आणि सासूबाई दर वेळी विचारतात, "हे काय नवीन?" पंधरा वर्षं तेच विचारताहेत.

महाराष्ट्रात पुण्याचा प्रयास ऊर्जा गट, मुंबई ग्राहक पंचायत अशा संस्थांना आयोगाने ग्राहकांचे प्रतिनिधी म्हणून अधिकृत केलेलं आहे. कायद्यातच सोय आहे, कलम ९४(३). इंदूरात एवढी मराठी मंडळं, व्याख्यानमालांना हॉल भरतात. एखाद्या मंडळाने हा विषय का घेऊ नये?

आत्या_रामबाग, रविवार, रात्री ८:२५

कारण दरवाढीच्या व्याख्यानाला तबला-पेटी नसते गं.

स्नेहलतागंज_७, रविवार, रात्री ९:००

एक शंका. महापालिका नर्मदेचं पाणी जलूदहून आणते, घाट चढवून, सत्तर किलोमीटर. त्या पंपांचं वीजबिल आपल्याच खिशातून जातं. दर वाढला की पाणी महाग होणार का? आणि ते २४४ कोटींचे ग्रीन बाँड काढले होते २०२३ मध्ये, जलूदच्या ६० मेगावॉट सौर प्रकल्पासाठी, त्याचा या याचिकेशी संबंध आहे का?

अकरा_केव्ही, रविवार, रात्री ९:३५

पाणीपुरवठ्याच्या पंपांची उच्चदाबातली वेगळी वर्गवारी आहे, तिचा दर याच आदेशात ठरतो. सौर प्रकल्पाचा हेतू ते बिल उतरवण्याचाच आहे, पण पंप रात्रीही चालतात आणि ऊन रात्री नसतं. त्यामुळे दिवसाच्या जास्तीच्या युनिटांची वजावट रात्रीच्या वापरात कशी धरतात आणि तारा वापरण्याचे आकार किती लावतात, यावर बरंच अवलंबून आहे. हा प्रश्न महापालिकेने स्वतः आक्षेप म्हणून मांडायला हवा. नागरिकानेही विचारला तर चालतोच.

चक्कीवाली, सोमवार, सकाळी ७:४५

रात्री बसून मसुदा लिहिला आहे. मराठीत लिहिला, नंतर हिंदीत करीन. टाकू?

"महोदय, घरगुती ग्राहकांत १५० युनिटांपेक्षा जास्त वापर असला की फिक्स चार्ज लोडवर, म्हणजे एका वेळी लागणाऱ्या किलोवॉटवर, लागतो आणि लोड वापरावरून काढतात, दर १५ युनिटांमागे ०.१ किलोवॉट. म्हणजे माझ्या घरी २४० युनिट झाले तर लोड १.६, आणि २४१ झाले तर १.७. ज्याचं नावच 'नियत प्रभार' आहे तो युनिटांबरोबर वाढतो, मग तो नियत कसा? आता घरोघरी स्मार्ट मीटर बसले आहेत. त्यांत जास्तीत जास्त मागणी नोंदली जाते. मग लोडचा अंदाज कशाला? मीटरने नोंदलेल्या प्रत्यक्ष मागणीवरच हा प्रभार लावावा."

पागनीसपागा, सोमवार, सकाळी ८:०५

ताई, फर्मास! एकच मुद्दा, उदाहरणासकट, बिलातला शब्द पकडून. माझ्या बँकेतल्या साहेबाने "वेल ड्राफ्टेड" असा शेरा मारला असता. असाच पाठवा.

सुदामानगरी, सोमवार, सकाळी ८:१५

+१. मी पण खाली सही करतो.

अकरा_केव्ही, सोमवार, सकाळी १०:३०

थांबा, थांबा. कोणी सही करू नका.

ताईंचं तर्कशास्त्र अगदी बरोबर आहे, पण जे मागताहेत ते मिळालं तर काय होईल ते बघा. एक मध्यमवर्गीय घर घ्या. महिन्याला २०० युनिट. आताच्या सूत्राने १४ टप्पे, लोड १.४ किलोवॉट. आता हिवाळ्यातली सकाळ डोळ्यांसमोर आणा. गिझर २ किलोवॉट, त्याच वेळी कोणी इस्त्री लावली १ किलोवॉट, स्वयंपाकघरात मिक्सर, वर पाण्याची मोटर. वीस मिनिटं का होईना, साडेतीन-चार किलोवॉट. स्मार्ट मीटर तेवढंच टिपून ठेवील. मग फिक्स चार्ज १.४ वर लागण्याऐवजी चारवर लागेल.

कंपनीच्या वकिलाने हे पत्र वाचलं तर तो म्हणेल, "आम्हाला ग्राहकांची सूचना मान्य आहे."

चक्कीवाली, सोमवार, सकाळी १०:४१

अगं बाई.

कंदील, सोमवार, सकाळी १०:५०

हाहाहा. ताई, तुम्ही तर दुकानदाराला म्हणालात, साडेसातशे कशाला, दोन हजार घे.

चक्कीवाली, सोमवार, सकाळी ११:२०

हसू नका. मग असं लिहिते, "सूत्राने येणारा लोड किंवा मीटरने नोंदलेली मागणी, यांतलं जे कमी असेल ते धरावं."

अकरा_केव्ही, सोमवार, दुपारी १२:१५

हे मागता येईल, आणि ज्याच्या घरी गिझर नाही, पंखे-दिवे-फ्रिज दिवसभर सारखे चालतात, त्याला फायदाही होईल. पण मग उत्तर येईल की यामुळे इतका महसूल कमी होतो, तो कुठून भरायचा?

इथे मुद्दा समजून घ्या. आधी आयोग कंपनीला वर्षभरात एकूण किती रुपये लागतील ते ठरवतो. मग तेवढे रुपये घरं, दुकानं, कारखाने, पाणी, शेती यांच्यात वाटतो. एकाच्या ताटात कमी वाढलं की दुसऱ्याच्या ताटात जास्त पडतं, भांड्यातलं तेवढंच राहतं. फिक्स चार्ज, स्लॅब, पायरी हे सगळे वाढपाचे वाद. शेतीपंपाचंच घ्या. दहा एचपीपर्यंतचा शेतकरी वर्षाला एचपीमागे ७५० रुपये भरतो, त्याच्या दरातलं बाकीचं सरकार भरतं. वर कारखाने आणि दुकानं सरासरी खर्चापेक्षा जास्त देऊन घरांना आधार देतात. टॅरिफ धोरण म्हणतं की कोणाचाही दर सरासरी पुरवठा खर्चाच्या वीस टक्के वरखाली असावा. म्हणजे वाढपाला हद्द आहे. ताई, तुमचंच बघा. घरगुतीचा फिक्स चार्ज कमी करून घेतलात तर तो चक्कीच्या दरात परत येऊ शकतो. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने काढलं.

चक्कीवाली, सोमवार, दुपारी १२:४०

म्हणजे भांडं लहान करायला सांगायचं.

अकरा_केव्ही, सोमवार, दुपारी १२:४४

बरोबर. भांड्यात काय काय आहे ते विचारायचं.

पागनीसपागा, सोमवार, दुपारी १:३०

मी सकाळी "फर्मास" म्हणालो ते मागे घेतो आणि स्वतःलाच एक शेरा मारतो. मी दोन वर्षं हेच केलं, स्लॅबवर भांडलो. एका वर्षी सुनावणीत तीन मिनिटं मिळाली होती. त्यांतली दोन मी १५१ ते ३०० च्या टप्प्यावर घालवली आणि उरलेल्या एका मिनिटात आभार मानले.

तर ठरवू या. गळतीचा तक्ता मी घेतो. वीज खरेदीत औष्णिक केंद्रांचे क्षमतेचे आकार, हे कोणीतरी अकाउंटचं डोकं असलेल्याने घ्यावं. जलविद्युतचा अंदाज आणि प्रत्यक्ष, कंदीलराव (पळू नका). एफपीपीएएस आणि मूळ धरलेला भाव, चक्कीवालीताई. जुन्या वर्षांच्या तपासलेल्या हिशोबातून येणारा फरक, ज्याला ट्रू-अप म्हणतात, त्याचं कोणी घेतलं तर उत्तम. त्यात मागच्या वर्षांचे पैसे या वर्षी शांतपणे येऊन बसतात.

स्नेहलतागंज_७, सोमवार, दुपारी २:१०

खरेदीचा तक्ता मी घेते. सीएकडे आर्टिकलशिप चालू आहे. याचिका कुठे मिळेल? आणि ते तक्ते एक्सेलमध्ये असतात का?

अकरा_केव्ही, सोमवार, दुपारी २:४५

आयोगाच्या आणि कंपन्यांच्या वेबसाइटवर पीडीएफ मिळते. छापील हवी असेल तर सूचनेत दिलेल्या ऑफिसातून पैसे भरून. एक्सेल मिळत नसेल तर आक्षेपात पहिलीच ओळ लिहा की तक्ते सूत्रांसकट द्या म्हणजे पडताळता येतील. कलम ८६(३) म्हणतं की आयोगाने कामात पारदर्शकता ठेवायची. त्याचा हवाला द्या. माझे ते गणिताचे मास्तर दरवर्षी सुरुवात त्यानेच करायचे.

आणि पत्रात कुठेही "जनता त्रस्त आहे" लिहू नका. तक्त्याचा क्रमांक, पानाचा क्रमांक, बेरीज, प्रश्न. एक पान पुरे.

सुदामानगरी, सोमवार, संध्याकाळी ६:३०

झोन ऑफिसात जाऊन आलो. ३४ दिवसांचा अर्ज घेतला, पोच दिली. म्हणाले बघू. ट्रू-अप मी घेतो, पण मला आधी कोणीतरी ट्रू-अप म्हणजे काय ते समजावून सांगा. हिंदीत पण चालेल.

आत्या_रामबाग, सोमवार, संध्याकाळी ७:००

रविवारी सकाळी दहाला माझ्याकडे या सगळे. रामबागेत, मारुतीच्या देवळासमोरचं घर. पोहे मी करीन, जिरावन घरचं आहे. शेव कोणीतरी आणा, फार तिखट नको. आणि ती पीडीएफ मोबाइलवर वाचून डोळे फोडू नका, खरेदीचं प्रकरण तेवढं छापून आणा.

कंदील, सोमवार, संध्याकाळी ७:१५

किती पानं आहेत?

स्नेहलतागंज_७, सोमवार, संध्याकाळी ७:२०

तेवढ्या प्रकरणाची ऐंशीच्या आसपास. दोन्ही बाजूंनी छापते. कंदीलकाका, मागच्या आदेशातला जलविद्युतचा तक्ता तुम्ही आणा, म्हणजे शेजारी ठेवता येईल.

कंदील, सोमवार, संध्याकाळी ७:४०

आणतो. पण आधीच सांगतो, काही होणार नाही.

चक्कीवाली, पुढच्या आठवड्यात, बुधवार, दुपारी ४:०५

माझं गेलं आज स्पीड पोस्टाने. आयोगाच्या सचिवांना एक, कंपनीला एक. एक पान, तीन आकडे, एक प्रश्न. फिक्स चार्जचा शब्दही नाही. लिफाफ्यावर "आक्षेप" लिहायचं राहिलं, चालेल ना?

अकरा_केव्ही, बुधवार, दुपारी ४:३०

चालेल. आत विषयाच्या ओळीत याचिकेचा क्रमांक घातला आहे ना?

चक्कीवाली, बुधवार, दुपारी ४:३२

घातला. दोनदा तपासून घातला.

कंदील, बुधवार, रात्री १०:५०

माझे दोन तक्ते जुळत नाहीयेत. अकरा_केव्ही, जागे आहात का?